१४ ओळींचा प्रोग्राम आणि ४१ एरर, सी मध्ये अगदी नवीन आहे, कोणी सांगेल का

सावद्याची_पोर
नमस्कार सगळ्यांना. मी एफवायला आहे, सी लँग्वेज चालू होऊन तीन आठवडे झाले. कॉलेजच्या लॅबमध्ये टर्बो सी आहे पण तिथे एका पीसीवर तिघी बसतो आणि माझा नंबर येईपर्यंत तास संपतो. म्हणून घरी आत्येभावाचा जुना लॅपटॉप आहे त्यावर कोडब्लॉक्स (सी लिहून चालवायचं सॉफ्टवेअर) टाकलं, तेही जुनंच व्हर्जन आहे कारण नवीन डाऊनलोड होता होता लाईट जाते.

प्रोग्राम काही मोठा नाही. आमची केळी आहे, पप्पांना वजन गुणिले भाव काढून दाखवायचं एवढंच. सीनियरच्या नोट्सची पीडीएफ व्हॉट्सअॅपवर आली होती त्यातला बेरजेचा प्रोग्राम कॉपी केला आणि त्यात नावं बदलली. बिल्ड दाबलं तर ४१ एरर!! प्रोग्राम फक्त १४ ओळींचा आहे हो. एक एरर तर असा आहे की वजन नावाचं काहीतरी डिक्लेअर केलं नाही म्हणतो, मी वजन नावाचं व्हेरिएबल घेतलंच नाहीये, मी डब्ल्यू घेतलंय. फोटो टाकते आहे. रडू येऊन राहिलं आता, काल रात्री १ वाजेपर्यंत बसले होते.

भुसावळ_जंक्शन
१४ ओळीत ४१? म्हणजे ओळीमागे तीन. आमच्याकडे जंक्शनवर गाड्या पण एवढ्या लेट नसतात.

शेवभाजी_डबल_रस्सा
तू पायथन शिक ना ताई, सी कोण वापरतं आता. हे सेमीकोलन बिमीकोलनचं झंझटच नाही.

गिरणाकाठ
वरच्याला नंतर बघू, तिचा सिलॅबस तू ठरवणार नाहीयेस.

ताई, फोटोत तू यादीचा शेवट दाखवलाय, शेवटचे आठ-दहा एरर दिसतायत. मला वरचा भाग पाहिजे. खिडकी वर सरकव आणि अगदी पहिला एरर काय आहे तो टाक, खालचे सध्या विसर. पहिली चूक झाली की कंपायलर, म्हणजे तुझा कोड वाचून मशीनच्या भाषेत करणारा, गोंधळतो आणि तिथून पुढे जे दिसेल त्याला नावं ठेवतो, त्यातले निम्मे एरर तर खोटेच असतात.

सावद्याची_पोर
वर सरकवलं. पहिला एरर ओळ ७ ला आहे, "स्ट्रे" आणि मग अवतरणात उलटी तिरकी रेघ ३४२ आणि मग "इन प्रोग्राम". त्याखाली तसंच २००, मग २३४, मग परत ३४२, २००, २३५. असं खूप वेळा आहे. मी प्रोग्राममध्ये ३४२ कुठेच लिहिलेलं नाही, शप्पथ.

गिरणाकाठ
सापडलं. पीडीएफमधून कॉपी केलंस तिथेच घात झाला.

आता नीट बघ. ओळ ७ मध्ये प्रिंटएफच्या कंसात जी दुहेरी अवतरण चिन्हं आहेत ती सरळ उभी आहेत का वाकडी, म्हणजे सुरुवातीचं एकीकडे झुकलेलं आणि शेवटचं दुसरीकडे? फोटोत मला वाकडी दिसतायत. ज्याने नोट्स केल्या त्याने वर्डमध्ये टाइप केलं असणार, वर्ड सरळ चिन्ह दिलं की आपोआप सुंदर वाकडं करतं. माणसाला दोन्ही सारखीच पण कंपायलरला फक्त कीबोर्डवरचं सरळ चिन्ह कळतं, वाकडं म्हणजे त्याच्यासाठी कोणीतरी परका. ते वाकडं चिन्ह फाईलमध्ये ३ बाइटचं साठवलं जातं आणि त्या तीन बाइट आठच्या पाढ्यात लिहिल्या म्हणजे ३४२, २००, २३४. बंद करायच्या चिन्हाला शेवटी २३५. ते आकडे तू लिहिलेच नाहीस, ते त्या चिन्हाच्या पोटात आहेत.

मोज आता. तुझे ३ प्रिंटएफ (छापायचे), २ स्कॅनएफ (टाइप केलेलं आत घ्यायचे), प्रत्येकात २ चिन्हं म्हणजे १०. एकेकाच्या ३ बाइट. ३० एरर इथेच झाले, ४१ पैकी.

भुसावळ_जंक्शन
आयला.

सावद्याची_पोर
आणि ते वजन??

गिरणाकाठ
तेच सांगणार होतो. तू अवतरणात "वजन टाका" असं लिहिलंयस ना स्क्रीनवर दिसायला. पण अवतरणच त्याला दिसलं नाही, मग तो मजकूर उघडा पडला, आणि उघडा शब्द म्हणजे त्याच्या मते कशाचं तरी नाव. म्हणून विचारतोय की हे वजन कोण, कधी घोषित केलं. हा एरर खोटा आहे, वरचे ३० मिटले की आपोआप जाईल. त्याच्यावर रात्री १ पर्यंत बसली असशील तर वाईट वाटतं पण.

सगळी अवतरण चिन्हं खोडून हाताने टाइप कर. फाइंड रिप्लेस नको, हातानेच, दहा तर आहेत.

पांझराकाठ
भो मना तं डोकावरतून गयं सगळं पण वाचाले मजा ई ऱ्हायनी. चालू द्या.

निळी_स्क्रीन
मी धुळ्याकडे एका कॉलेजात शिकवतो, नाव नको. मुलांना मी कायम सांगतो की टर्बो सी वापरा. निळी स्क्रीन, एफ९ दाबा, एरर दाखवतो, बस. हे कोडब्लॉक्स वगैरे नवशिक्यांचा घोळ करतं. विंडोज ६४ बिट असेल तर डॉसबॉक्समध्ये चालतो टर्बो. आणि परीक्षेलाही तोच आहे, मग दोन्हीकडे दोन कशाला.

खानदेशी_पुणेकर
सर आदर राखून सांगतो, टर्बो सी बोरलँडने १९८७ ला काढला, सीचं पहिलं स्टँडर्ड आलं १९८९ ला. म्हणजे स्टँडर्डच्या आधीची वस्तू आहे ती, नंतर टर्बो सी प्लस प्लस झाला तरी तोही डॉसचाच. मीही जळगावला त्याच निळ्या स्क्रीनवर शिकलो आणि पुण्याला पहिल्या नोकरीत पहिल्याच दिवशी स्टँडर्डमधल्या इंट मेन ऐवजी व्हॉइड मेन लिहून हसं करून घेतलं, टीम लीडने सगळ्यांसमोर विचारलं हे कुठून शिकलास.

निळी_स्क्रीन
हसणाऱ्यांना हसू द्या. लॅबमध्ये जे आहे ते आहे, ३० पीसीत किती रॅम आहे ते या एकदा बघायला.

गिरणाकाठ
दोघांचंही बरोबर आहे आणि तिचा प्रश्न वेगळा आहे, त्या वादासाठी वेगळा धागा काढा राव.

सावद्याची_पोर
हातानं टाइप केली सगळी. ४१ चे ३ झाले!!! विश्वासच बसत नाहीये. मम्मीला सांगितलं तर ती म्हणे अजून ३ आहेत ना, मग कशाला नाचते.

उरलेले ३ असे. ओळ ३, मेन मस्ट रिटर्न इंट. ओळ ६, क्लिअरस्क्रीन वॉज नॉट डिक्लेअर्ड इन धिस स्कोप. ओळ ११, एक्स्पेक्टेड सेमीकोलन बिफोर टी. ११ वर सेमीकोलन आहे हो, दहा वेळा बघितलं, टी इज इक्वल टू डब्ल्यू गुणिले बी आणि पुढे सेमीकोलन, स्पष्ट दिसतंय.

खानदेशी_पुणेकर
ओळ १० बघ.

सावद्याची_पोर
अरे देवा. १० च्या शेवटी नाहीये.

पण मग ११ का म्हणतो तो??

गिरणाकाठ
कारण त्याला ११ वरच कळलं. असं बघ, सी मध्ये ओळ संपली म्हणून वाक्य संपत नाही, सेमीकोलन आला की संपतं. एक वाक्य पाच ओळीत लिहिलंस तरी चालतं त्याला. मग १० व्या ओळीच्या शेवटी तो म्हणतो ठीक आहे, पुढच्या ओळीवर असेल काहीतरी, आणि पुढे गेला तर टी भेटला. तेव्हा लक्षात आलं की अरे इथे तर नवीन वाक्य सुरू झालं, मागचं बंदच केलं नाही. जिथे अडखळला ती ओळ तो सांगतो, जिथे दगड ठेवला होता ती नाही. पोस्टमनसारखं नको धरू, तो पत्ता बघून येतो, हा अंधारात चालत येतो.

तुझं कोडब्लॉक्स जुनं म्हणून असं. त्याच्या पोटातला कंपायलर म्हणजे जीसीसी, त्याचं ८ वं व्हर्जन २०१८ ला आलं तेव्हापासून सेमीकोलन सुटला असेल तर तो मागच्या ओळीच्या शेवटी बोट दाखवतो. तरी सवय अशीच ठेव की सांगितलेली ओळ ठीक दिसली तर एक ओळ वर बघायची. महिरपी कंस सुटला असेल तर मात्र एक ओळ वर बघून भागत नाही, तो बहुतेक वेळा फाईलच्या शेवटच्या ओळीवर बोंब मारतो आणि कंस सुटलेला असतो पार वर कुठेतरी.

अमळनेरकर
आमच्या वेळेस म्हणजे ९८ साली सर म्हणायचे एरर आला की मशीनला शिव्या देऊ नका स्वतःला द्या. बाकी विषयांतर होतंय पण कोणी म्हणेल खान्देशात कुठलं सॉफ्टवेअर, तर विप्रोचा जन्म अमळनेरचा आहे, १९४५ ला वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून. कॉम्प्युटर बिम्प्युटर फार नंतर. आमच्याकडे ज्यांच्या आजोबांनी तेव्हा शेअर घेऊन कपाटात टाकून दिले त्यांच्या नातवंडांना कंपायलर शिकायची गरज राहिली नाही.

भुसावळ_जंक्शन
आमच्या आजोबांनी कपाट घेतलं होतं, शेअर घ्यायचे राहिले.

गिरणाकाठ
ताई उरलेले दोन एकत्रच घेऊ. मला एक शंका आहे, तुझ्या फाईलचं नाव डॉट सी ने संपतं की डॉट सीपीपी ने?

सावद्याची_पोर
केळी डॉट सीपीपी आहे. तसंच आलं आपोआप. तुम्हाला कसं कळलं??

गिरणाकाठ
एररच्या भाषेवरून. "नॉट डिक्लेअर्ड इन धिस स्कोप" हे वाक्य जीसीसीचा सी प्लस प्लसवाला भाग बोलतो. सी वाला त्या जागी "इम्प्लिसिट डिक्लेरेशन" म्हणतो. आणि मेन मस्ट रिटर्न इंट हे एरर म्हणून सी प्लस प्लसमध्येच येतं, सी मध्ये व्हॉइड मेनवर फार तर वॉर्निंग मिळते. म्हणजे तू सी लिहितेयस आणि कंपायलर सी प्लस प्लस समजून वाचतोय. सासू अहिराणीत बोलते आणि सून शुद्ध मराठी समजून रागावते असा प्रकार.

फाईल डॉट सी नावाने सेव्ह कर. व्हॉइड मेन ऐवजी इंट मेन लिही आणि शेवटी रिटर्न शून्य. मग बिल्ड.

पांझराकाठ
सासू सून वालं समजनं माले. आते बठ्ठं समजनं.

शेवभाजी_डबल_रस्सा
पायथनमध्ये हे काहीच नसतं, एवढंच बोलतो आणि गप्प बसतो.

खानदेशी_पुणेकर
पायथनमध्ये टॅब आणि स्पेस मिसळल्यावर काय होतं ते पण सांग की मग गप्प बस.

सावद्याची_पोर
काल लाईट नव्हती म्हणून उशीर. डॉट सी केलं, इंट मेन केलं, सेमीकोलन टाकला. आता एरर वेगळाच, त्याला ओळ नंबरच नाहीये. "अनडिफाइन्ड रेफरन्स टू क्लिअरस्क्रीन" आणि खाली "एलडी रिटर्न्ड १ एक्झिट स्टेटस". क्लिअरस्क्रीन तर लॅबमध्ये रोज चालतं. त्यासाठी लागणारी कोनिओ हेडर फाईल पण वर टाकलेलीय.

शेवभाजी_डबल_रस्सा
कोनिओ काढून टाक, जीसीसीमध्ये ते हेडरच नसतं, मला माहितीय.

खानदेशी_पुणेकर
लिनक्सवर नसतं. ती विंडोजवर आहे, कोडब्लॉक्ससोबत जो मिनजीडब्ल्यू म्हणजे विंडोजवरचा जीसीसी येतो त्यात कोनिओ आहे आणि गेटसीएच पण चालतं. फक्त क्लिअरस्क्रीन त्यात नाही, ते टर्बोचं घरचं लोणचं होतं. काढायचं असेल तर फक्त ती ओळ ६ काढ ताई.

गिरणाकाठ
बरोबर. आणि ओळ नंबर का नाही ते पण ऐक. आतापर्यंतचे एरर कंपायलरचे होते, हा लिंकरचा आहे, एलडी म्हणजे तोच. कंपायलरचं काम झालं, त्याने तुझा कोड मशीनच्या भाषेत करून दिला आणि क्लिअरस्क्रीनच्या जागी चिठ्ठी ठेवली की हे बाहेरून येणारे. इम्प्लिसिट डिक्लेरेशनची वॉर्निंग दिली असेल त्याने पण तू वॉर्निंग वाचत नाहीस, कोणीच वाचत नाही. मग लिंकर सगळीकडे शोधून आला आणि कुठेच क्लिअरस्क्रीन मिळालं नाही. लग्नपत्रिकेत नाव छापलं, माणूस आलाच नाही.

खानदेशी_पुणेकर
भर टाकतो, २०२४ ला आलेल्या जीसीसी १४ पासून ती इम्प्लिसिट डिक्लेरेशनची वॉर्निंग सरळ एररच झालीय. माझ्या कंपनीत जुन्या कोडचा एक दिवस त्यातच गेला.

सावद्याची_पोर
झालं झालं झालं!!! शून्य एरर शून्य वॉर्निंग!! काळी खिडकी आली, वजन टाका म्हणाली! वजन टाकलं, एंटर दाबलं, आणि विंडोजने मेसेज दिला की प्रोग्राम हॅज स्टॉप्ड वर्किंग. खिडकी बंद.

मी लॅपटॉप बंद करून भाकरी करायला गेले.

भुसावळ_जंक्शन
बरं केलं. कळण्याची का?

सावद्याची_पोर
हो, आणि भरीत. तेवढं तरी पहिल्यांदात जमतं.

निळी_स्क्रीन
स्कॅनएफमध्ये अँडचं चिन्ह टाकलंय का? डब्ल्यूच्या आधी. माझ्या वर्गात साठातले चाळीस जण हीच चूक करतात आणि यावर मला कंपायलर दोन्हीकडचा सारखाच वाटतो, टर्बो पण बोलत नाही.

गिरणाकाठ
सरांनी बरोबर पकडलं, मी फोटोत पाहूनही सोडलं होतं.

ताई, प्रिंटएफला किंमत द्यायची असते कारण तो फक्त छापतो. स्कॅनएफला जागा सांगायची असते कारण त्याला तिथे नेऊन ठेवायचंय. ट्रकवाल्याला विचारलं की केळी कुठे उतरवू आणि तू त्याला पत्त्याऐवजी सांगितलंस "माझ्याकडे १२ घड आहेत", तर तो १२ नंबरच्या घरी जाऊन उतरवेल, ते घर कोणाचं का असेना. तुझ्या डब्ल्यूमध्ये तर तेव्हा काहीच भरलेलं नव्हतं, जो कचरा होता त्यालाच पत्ता समजून गेला आणि विंडोजने दारातच अडवलं.

आणि शून्य वॉर्निंग म्हणालीस ते खरं नाही, वॉर्निंग बंद आहेत म्हणून शून्य. सेटिंग्जमध्ये कंपायलर, त्यात "एनेबल ऑल कॉमन कंपायलर वॉर्निंग्ज" वर टिक कर. मग अँड काढून एकदा मुद्दाम बिल्ड कर, बघ काय म्हणतो.

सावद्याची_पोर
टिक केलं. फॉरमॅट परसेंट डी एक्स्पेक्ट्स आर्ग्युमेंट ऑफ टाइप इंट स्टार, असं काहीतरी म्हणाला, दोन्ही स्कॅनएफवर. म्हणजे त्याला माहीत होतं!! एवढे दिवस माहीत होतं आणि बोलला नाही!!

भुसावळ_जंक्शन
घरोघरी हेच आहे, विचारल्याशिवाय कोण बोलतं.

सावद्याची_पोर
अँड टाकून चाललं. पप्पांच्या मागच्या काढणीची पट्टी (व्यापाऱ्याने दिलेला हिशेब) होती घरात, त्यावर २३ क्विंटल आणि ११५० भाव. टाकलं. एकूण २६४५०. पट्टीवर पण २६४५०!! पप्पांना दाखवलं तर ते काही बोलले नाहीत पण शेजारच्या नानांना बोलावून आणलं आणि परत एकदा चालवायला लावलं. नाना म्हणे हे तर मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर पण होतं. पप्पा म्हणे हे तिने बनवलंय.

गिरणाकाठ
हे वाचून बरं वाटलं बुवा.

अमळनेरकर
नाना सगळीकडे असतात.

सावद्याची_पोर
परत अडलं. काट्यावरची पावती पण होती त्याच ट्रकची, त्यावर वजन २३.४० आहे. म्हटलं बघू, २३.४० टाकलं. एंटर दाबल्या दाबल्या "भाव टाका" आलं आणि न थांबता लगेच पुढे एकूण म्हणून कायतरी भलताच आठ आकडी नंबर. मला भाव टाकूच दिला नाही! भूत आहे का यात?

खानदेशी_पुणेकर
हा माझा आवडता आहे, मी सांगतो.

परसेंट डी म्हणजे पूर्णांकच घेणार. तू २३.४० टाइप केलं, त्याने २ घेतला, ३ घेतला, पुढे टिंब दिसलं, टिंब पूर्णांकात नसतं म्हणून थांबला. डब्ल्यूत २३ गेले. पण ते टिंब आणि ४० कुठे गेलं नाही, ते उंबऱ्यावरच पडून आहे. आता दुसरा स्कॅनएफ आला, त्याला वाटलं वा टाइप केलेलं आधीच तयार आहे, वाट बघायची गरज नाही. उचलायला गेला तर पहिलंच टिंब. त्याला ते चालेना, रिकाम्या हाताने परत गेला. बी मध्ये काहीच भरलं नाही, आधीचा कचरा तसाच, त्याला २३ ने गुणलं. भूत नाही, ४० किलो केळी दारात पडलीय.

डब्ल्यू, बी, टी तिन्ही आता इंट म्हणजे पूर्णांक आहेत, ते फ्लोट म्हणजे टिंबवाले कर, स्कॅनएफमध्ये परसेंट एफ, छापताना परसेंट पॉइंट २ एफ म्हणजे पैशासारखे दोनच आकडे दिसतील.

पांझराकाठ
४० किलो केळी दारमा पडेल शे, उचला ना कोणी.

निळी_स्क्रीन
पूर्णांकावरून आठवलं, माझ्या वर्गातला किस्सा सांगतो. एकाने फॅरनहाइटचं सेल्सिअस करायचा प्रोग्राम लिहिला, ५ भागिले ९ कंसात आणि गुणिले एफ वजा ३२. कंपाइल झाला, एरर नाही वॉर्निंग नाही. ११३ टाकलं की उत्तर ०. १०० टाकलं तरी ०. मे महिना, वर्गातले दोन पंखे बंद, अंगाला धारा लागलेल्या आणि स्क्रीनवर शून्य डिग्री. ५ आणि ९ दोन्ही पूर्णांक, भागाकारही पूर्णांकच होणार, ०.५५ चं झालं ०, आणि शून्याने काही गुणलं तरी शून्यच. ५.० लिहिलं तर बरोबर ४५ येतात. पोरगा म्हणे सर राहू द्या ना असंच, वाचून गार वाटतं.

भुसावळ_जंक्शन
हाहाहा हा प्रोग्राम जळगावच्या चौकात मोठ्या पडद्यावर लावा.

सावद्याची_पोर
फ्लोट केलं, आता दोन्ही प्रश्नांना थांबतो. २३.४० आणि ११५०, एकूण २६९१०.००.

पण आता पट्टीशी जुळत नाही, पट्टी २६४५० आहे. आधी इंट होतं तेव्हा जुळत होतं. फ्लोटमध्ये गडबड होते असं मॅडम म्हणाल्या होत्या, तसं काही झालं का? की परत इंट करू?

गिरणाकाठ
फ्लोटची गडबड पैशा-दोन पैशाची असते, आणि इथे तीही नाही. हातानेच कर, २३.४ गुणिले ११५०.

सावद्याची_पोर
२६९१० च येतात.

खानदेशी_पुणेकर
फरक ४६० रुपये. ०.४० गुणिले ११५० पण ४६०.

ताई प्रोग्राम बरोबर आहे. व्यापाऱ्याने परसेंट डी लावलाय.

भुसावळ_जंक्शन
खल्लास!!

अमळनेरकर
थांबा लगेच कोणाला चोर करू नका, कडता कापला असेल. दांड्याचं म्हणून काही कापतात, काही ठिकाणी हमाली पण वजनातूनच धरतात. पट्टीवर वेगळं लिहिलंय का ते बघा आधी.

सावद्याची_पोर
काका बघितलं, हमाली खाली वेगळी लिहिलीय आणि कापलीय, कडता म्हणून काहीच नाही, वजनाच्या खान्यात नुसतं २३. पप्पांनी जुन्या पट्ट्या काढल्यात डब्यातून, कांदेबागच्या. मी एकेक टाकून बघतेय.

निळी_स्क्रीन
एकेक टाकू नका, फॉर लूप शिकवला असेल ना आता?

सावद्याची_पोर
पुढच्या आठवड्यात आहे सर.

लॅबमधलं पण सांगायचं राहिलं, काल जुना इंटवाला प्रोग्राम टर्बोत चालवला, ३० क्विंटल आणि ११५० टाकलं तर एकूण उणे ३१०३६ आलं. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या परत टाइप कर, केलं, तेच. घरी मात्र त्याच प्रोग्रामला ३४५०० येतात.

खानदेशी_पुणेकर
सर, हे तुम्हीच सांगा :)

निळी_स्क्रीन
सांगतो. टर्बोत इंट २ बाइटचा, ३२७६७ च्या वर जात नाही. ३४५०० झाले की काटा पूर्ण फिरून उणेत जातो, ३४५०० वजा ६५५३६ केलं की तुझा आकडा येईल. तुमच्या घरच्या कंपायलरमध्ये इंट ४ बाइटचा आहे म्हणून तिथे चालतं. लॅबमध्ये लाँग म्हणजे मोठा पूर्णांक घ्यायचा आणि परसेंट एलडी.

आणि हो, हे मी मान्य करतो की इथे टर्बो उघडा पडला.

शेवभाजी_डबल_रस्सा
पायथनमध्ये इंट कितीही मोठा चालतो. बरं बरं जातो.

सावद्याची_पोर
पप्पा आज दोन्ही पावत्या घेऊन गेले होते. व्यापारी म्हणे पोराकडून टिंबापुढचं लिहायचं राहिलं असेल, पुढच्या पट्टीत वळते करतो. नऊ जुन्या पट्ट्यांपैकी सहांवर टिंबच नाहीये, पण त्या सहांच्या काट्याच्या पावत्या पप्पांनी ठेवल्या नाहीत म्हणून काही बोलता येत नाही.

आता पप्पा म्हणतायत हमाली पण त्यातच वजा करून दाखव. केलं तर १ एरर. पहिलाच आहे आणि एकच आहे, ओळ १२ म्हणतो.

११ बघून येते.